जोडणीचा संगणक : लॅमिंग्टन रोड ते जालना

सुटे भाग जोडून संगणक बनवण्याची वाट ऑगस्ट १९८१ मध्ये मोकळी झाली. आयबीएमने आपल्या पीसीची रचना खुली ठेवली आणि इतर कंपन्या त्यात बसणारी कार्डे काढू लागल्या. महाराष्ट्रात या मालाची पेठ ठरला ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, डॉ. भडकमकर मार्ग हे सरकारी नाव पाटीपुरतेच राहिले. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर १९९१च्या उदारीकरणानंतर मदरबोर्ड आणि रॅमची रेलचेल झाली.

इंटेलच्या १९९५च्या एटीएक्स आराखड्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसू लागला, स्क्रूची भोकेसुद्धा जुळली. गेमिंगचा हिशेब मात्र बदलला १९९९च्या जीफोर्स २५६ या ग्राफिक्स कार्डापासून. पुढे बजेटचा मोठा वाटा प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्ड खाऊ लागले.

भाग निवडताना गावचे हवामानही पाहावे लागते; जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. लिक्विड कूलर कितीही महाग असला तरी प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून इथे रंगीत दिव्यांपेक्षा जाळीदार, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट घेणे शहाणपणाचे. विजेच्या लपंडावात पॉवर सप्लायवर काटकसर अंगाशी येते. यूपीएस घेतानाही व्हीए नव्हे, वॅट पाहावेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो आणि २०२२च्या आरटीएक्स ४०९० या एकट्या कार्डाची भूक ४५० वॅटची आहे.