महारोहिणी विदारण : जोखीम घटक

हृदयातून निघून शरीरभर रक्त पोहोचवणाऱ्या महारोहिणीच्या भित्तीचे तीन थर असतात. सर्वांत आतला थर फाटला की रक्त मधल्या थरात घुसते आणि भित्ती उभी चिरत जाते; हेच महारोहिणी विदारण. छातीत किंवा पाठीत अचानक असह्य कळ येते. ती हृदयविकाराच्या झटक्याची समजून चुकीचे उपचार होण्याचा धोका असतो, कारण रक्त पातळ करणारी औषधे येथे घातक ठरू शकतात.

सर्वांत मोठा दोषी उच्च रक्तदाब; सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत तो आढळतो. साठीनंतरचे वय, पुरुष असणे, धूम्रपान व आधीपासून फुगलेली महारोहिणी हे त्याचे साथीदार.

तरुण रुग्णात मात्र आनुवंशिक कारण शोधावेच लागते. मार्फान विकारात फायब्रिलिन-१ प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे भित्ती कमकुवत होते. उंच, सडपातळ बांधा व लांब बोटे ही त्याची खूण. अमेरिकी व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधील सामन्यादरम्यान कोसळून मरण पावली. तिला मार्फान असल्याचे शवविच्छेदनातच कळले. महारोहिणीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे, टर्नर विकार आणि कुटुंबातील पूर्वेतिहास यांनीही धोका वाढतो.

कोकेनचे सेवन, जड वजन उचलणे, अपघातातील छातीचा मार, आणि विशेषतः मार्फानग्रस्त स्त्रियांत गर्भारपणाचे अखेरचे महिने व बाळंतपणानंतरचा काळ ही इतर कारणे. महारोहिणी विदारणावरील शस्त्रक्रियेचे प्रवर्तक मायकेल डिबेकी यांनाच वयाच्या ९७ व्या वर्षी हा विकार झाला. शस्त्रक्रियेनंतर ते वाचले.