मुंबई समजून जुन्नर

पुणे जिल्ह्यातल्या नेऱ्यापासून उत्तरेला सरळ रेषा मारली तर साठ-सत्तर किलोमीटरवर जुन्नर येतं. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट यांच्यासाठी लोक तिकडे जातात. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा विमान अपघातही याच तालुक्यात झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. अलितालिया या इटालियन कंपनीचं 771 क्रमांकाचं विमान इथल्या एका डोंगरावर आदळलं आणि आतले सगळेच्या सगळे 94 जण गेले. 85 प्रवासी, 9 कर्मचारी. खालच्या वेळा भारतीय आहेत.

6 जुलै 1962, रात्री 8.46

बँकॉकहून उड्डाण. विमान डग्लस कंपनीचं डीसी-8, चार इंजिनांचं, त्या काळातलं अद्ययावत जेट. प्रवास सिडनीला सुरू झालेला. डार्विन, सिंगापूर, बँकॉक हे थांबे झाले होते. पुढे मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम. मुंबई म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासातला मधलाच एक थांबा. इंधन भरायचं, काही माणसं उतरवायची, काही घ्यायची आणि निघायचं.

बँकॉक ते मुंबई अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास. आधी बंगालचा उपसागर, मग देशाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतचा अंधार. जुलैचा पहिला आठवडा, त्यामुळे खाली ढगच ढग. गावांचे दिवे बघून आपण कुठवर आलो ते ताडून पाहावं, तर तीही सोय नव्हती. आणि 1962 सालच्या दख्खनमध्ये दिवे तरी असे किती होते?

रात्री 10.50

मुंबईच्या माहिती केंद्राशी रेडिओवर पहिला संपर्क. सगळं ठीक.

रात्री 11.50 नंतर

आता विमान मुंबईच्या नियंत्रकांशी थेट बोलतंय. खाली उतरायची परवानगी मागितली जाते आणि टप्प्याटप्प्याने 4,000 फुटांपर्यंत यायची मुभा मिळते.

हा आकडा जरा नीट बघायला हवा. सांताक्रूझ विमानतळ जवळपास समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे कोकणपट्टीवर 4,000 फूट म्हणजे भरपूर उंची. घाटमाथ्यावर मात्र तीच उंची जीवघेणी ठरते. हरिश्चंद्रगडाचा माथा 1,424 मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांच्याही वर. कळसूबाई 1,646 मीटर, जवळजवळ 5,400 फूट. परवानगी देणाऱ्या नियंत्रकाच्या मनातलं विमान मुंबईजवळ होतं, घेणाऱ्या वैमानिकाच्या मनातलंही तिथेच. खरं विमान अजून सह्याद्रीच्या अलीकडे होतं.

उतरायची परवानगी मिळाली म्हणजे खालच्या डोंगरांची हमी मिळाली, असं होत नाही. नियंत्रक विमानांना एकमेकांपासून लांब ठेवतो. रडारवरून तोच दिशा देत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी जमिनीपासून वाचणं वैमानिकाच्याच अंगावर असतं. नियम तेव्हाही हाच होता. पण रात्री बारा वाजता, कित्येक तासांच्या उड्डाणानंतर, कानात आत्मविश्वासाने सांगितलेला आकडा पडला की तो सुरक्षितच वाटणार.

मध्यरात्र, 7 जुलै

विमान झपाट्याने खाली येतंय. पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून थेट धावपट्टीवर उतरायचं ठरलंय. यात वेळ वाचतो. दुसरा मार्ग असा, की आधी विमानतळाजवळच्या रेडिओ-दीपस्तंभाच्या डोक्यावर यायचं, तिथून वळसा घालायचा आणि मग उतरायचं. त्यात चार-दोन मिनिटं जास्त जातात, पण आपण नेमके कुठे आहोत याची पक्की खूण मिळते.

या रेडिओ-दीपस्तंभाचा काटा दिशा दाखवतो, अंतर दाखवत नाही. अंधारात कुणी हाक मारावी, कोणत्या बाजूने ते कळावं, पण किती लांबून ते कळू नये, तशातली गत. मुंबई बरोबर नाकासमोर होती. ती 20 किलोमीटरवर असो की 84, काटा तोच.

रात्री 12.08

मुंबईशी शेवटचं बोलणं याच सुमाराला झालं. त्यात घाबरल्याचा सूर नाही, बिघाडाची तक्रार नाही.

रात्री 12.10

जुन्नर तालुक्यात, तपास अहवालात ‘दवंड्याची’ या नावाने नोंदलेल्या डोंगराला विमान आदळलं. उंची सुमारे 3,600 फूट, माथ्यापासून अगदी थोडं खाली. मुंबई तिथून 84 किलोमीटर.

जेटच्या वैमानिकांचा उतरण्याचा एक ढोबळ हिशेब असतो. दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल धरायचे. त्या हिशेबाने 3,600 फुटांवर असलेलं विमान धावपट्टीपासून वीसेक किलोमीटरवर हवं. हे होतं त्याच्या चौपट लांब. वेळेत मोजलं तर ही चूक फार मोठी दिसत नाही. उतरतानाच्या वेगाने तेवढं अंतर पाच-सात मिनिटांत संपतं. तीन तास चोवीस मिनिटांच्या उड्डाणात पाच-सात मिनिटं.

त्यानंतर

पहिला संशय हवामानावर यावा, यात नवल नाही. आपल्याकडे पावसाळ्यात काहीही पडलं की दोष पावसाला देऊन मोकळं व्हायची सवय आहे. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र तेव्हा सक्तीचं नव्हतं. तपासाला आधार होता तो मुख्यतः मुंबईच्या रेडिओ संभाषणाचा आणि डोंगरावरच्या अवशेषांचा. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा: दिशा-अंतराच्या हिशेबात चूक झाली, आपण मुक्कामाच्या जवळ आलो असं वैमानिकाला वाटलं आणि रात्री, बाहेरचं काही दिसत नसताना, तो वेळेआधीच खाली आला. सोबत तीन गोष्टी नोंदल्या गेल्या. आपली जागा तपासायला जी रेडिओ साधनं हाताशी होती ती वापरली नाहीत. ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणलं. आणि या मार्गावरच्या डोंगराळ भूभागाची वैमानिकाला ओळख नव्हती.

पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद घालायला जागा नाही. तिसरा मात्र मला खटकतो. रोमच्या माणसाला जुन्नरचे डोंगर ठाऊक नसणार हे उघडच आहे. म्हणून तर नकाशे असतात, किमान उंच्या छापलेल्या असतात. आणि ज्यांना ते डोंगर ठाऊक होते ते मुंबईत बसले होते. ‘घाट ओलांडलात का?’ एवढं विचारायचं बंधन त्यांच्यावर कोणत्याही नियमाने घातलेलं नव्हतं.

हा प्रश्न जगाने गंभीरपणे घेतला तो बारा वर्षांनी. 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर टीडब्ल्यूएचं 514 क्रमांकाचं विमान आदळलं आणि 92 जण गेले. उतरायच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकांच्या मनात दुसरा होता. त्यानंतर तिथे नियंत्रकांच्या सूचनांचे नियम बदलले आणि जमीन जवळ येताच कॉकपिटमध्ये ओरडून सांगणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं.

अनोळखी भूभागाचं कारण पुरेसं नाही, हे सांगायला आपल्याकडचीच दोन उदाहरणं आहेत. 12 जुलै 1949 ला केएलएमचं विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. 45 मृत, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकी पत्रकार होते. ते विमान परदेशी होतं, म्हणून सोडून देऊ. पण 4 ऑगस्ट 1979 ला पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलेलं ॲव्हरो विमान इंडियन एअरलाइन्सचं होतं आणि पुण्याहून मुंबईला निघालं होतं. तेव्हाही पावसाळा होता आणि मृतांचा आकडा पुन्हा 45. पुणे-मुंबई हा काही त्या कंपनीला अनोळखी मार्ग नव्हता. खाली कुठे घाट संपतो आणि कुठे कोकण सुरू होतं, हे इकडच्या शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.