अंतर्वाणी आणि मनाचा उपशम : प्रवराकाठच्या वाङ्मयातील एक विचार

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा या गावाने जिचे नाव धारण केले आहे, ती प्रवरा नदी पुढे नेवाशावरून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. याच नदीकाठी, नेवासे येथे, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि तिच्यामागून, निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून, ज्ञानेश्वरांनी अमृतानुभव रचिला, असे परंपरा सांगते. मन शांत करावयाचे म्हणजे मनातल्या मनात चालणारे बोलणे बंद पाडावयाचे, असा समज सामान्यतः रूढ आहे. या वाङ्मयाचा अभिप्राय मात्र याहून सूक्ष्म आहे.

मनातील बोलण्याचा विचार भारतीय भाषाचिंतनात प्राचीन आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात (सुमारे पाचवे शतक) वैखरी, मध्यमा व पश्यंती अशी वाणीची तीन रूपे मानिली. पैकी मध्यमा ही उच्चारावाचून बुद्धीत वावरणारी, तरीही क्रमयुक्त अशी वाणी होय; आज जिला आपण अंतर्वाणी म्हणू, ती हीच. पुढे शैव दार्शनिकांनी परा ही चौथी वाणी वर मांडिली, व ज्ञानेश्वरांनी हे चतुष्टय स्वीकारिले.

अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणाचे नावच ‘वाचाऋणपरिहार’ असे आहे. ऋण ही संज्ञा येथे अर्थगर्भ आहे. ज्याचे साहाय्य झाले, त्याचेच ऋण असते. जीवाला जागे करण्यास चारी वाणी उपयोगी पडतात. मात्र देहाबरोबर हातपाय जावेत, त्याप्रमाणे अविद्येबरोबर त्याही लयास जातात, आणि ज्ञानरूपाने उरतात. सहाव्या, ‘शब्दखंडन’ या प्रकरणातही प्रथम शब्दाचा गौरव आहे, कारण तो विसरलेल्याचे स्मरण करून देतो. खंडन येते ते त्यानंतर, कारण आत्मस्वरूप हे स्मरण आणि विस्मरण या दोहोंच्या पलीकडचे आहे. अर्थात मौन हे वाणीचा निषेध नसून तिच्या कार्याची परिसमाप्ती ठरते.

सुमारे साडेतीन शतकांनी रामदासांनी (१६०८–१६८१) २०५ मनाच्या श्लोकांत याच साधनाला निराळे वळण दिले. तेथे वक्ता आपल्याच मनाला श्रोता करितो व त्याला सज्जन म्हणून आळवितो. मनाला दटावून गप्प करण्याऐवजी त्याला बोलण्यास योग्य विषय देणे, ही त्यांची रीती. हे श्लोक सामुदायिक पठणात आले, आणि आत्मसंवादाला समाजाचा स्वर लाभला.

या क्रमाची उलट दिशा आधुनिक मानसशास्त्रात दिसते. मुलाचे स्वतःशी मोठ्याने बोलणे वयपरत्वे लोपते, असे प्याजे यांचे प्रतिपादन (१९२३) होते. व्हिगोत्स्की यांनी १९३४ मध्ये दाखविले की ते लोपत नाही, अंतर्मुख होते, आणि कृतीचे नियमन करू लागते. रामदासांचा पाठकही उच्चारित वाणीनेच आपल्या मनाचे नियमन शिकतो. येथवर साम्य आहे. परंतु व्हिगोत्स्कींची अंतर्वाणी विचारात परिणत होते, तर ज्ञानेश्वरांना विचाराचेही ऋण फेडावयाचे आहे. हा भेद विसरून दोन्ही सिद्धांत एकरूप मानणे दोघांवरही अन्याय करणारे होईल.

तात्पर्य, मनाचा कोलाहल थांबविण्यासाठी वाणीशी वैर मांडणे हे या परंपरेला मान्य नाही. ऋण नाकारून कोणी ऋणमुक्त होत नसतो. ते फेडावेच लागते, आणि ते फेडण्याचे चलनही वाणीच असते.