रद्दीतून वाचलेला इतिहास

छंद म्हणून वस्तू जमवणारी माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीची असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, तर कोणी आगपेट्यांची चित्रे. आमच्या रेल्वेतही पुठ्ठ्याची जुनी तिकिटे आणि वेळापत्रके जिवापाड जपणारे आहेत. परंतु अमेरिकेत 'स्केटबोर्ड' या चार चाकांच्या फळीसंबंधीचे जुने कागद जमवणारी मंडळी आहेत, असे सांगितले तर कोणीही विचारील, "अहो, कागद कशाला? फळ्याच जमवा की!" या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. फळ्या वापरून झिजल्या, मोडल्या, फेकल्या गेल्या. त्या खेळाचा इतिहास शिल्लक राहिला तो मासिके, दुकानांचे कॅटलॉग, स्टिकर आणि मुलांनी घरी काढलेल्या 'झाईन' नावाच्या चोपड्यांमध्ये. त्या कागदांची ही हकिकत.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मुलांनी रोलर स्केटची चाके फळीला ठोकली आणि समुद्राच्या लाटांवर घसरण्याचा खेळ रस्त्यावर आणला. १९६३ साली लॅरी स्टीव्हन्सन यांच्या 'मकाहा' कंपनीने कारखान्यात तयार केलेल्या फळ्या बाजारात आणल्या. १९६४ मध्ये जॉन सेव्हरसन यांनी 'द क्वार्टरली स्केटबोर्डर' हे या खेळाचे पहिले नियतकालिक सुरू केले. १४ मे १९६५ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही तरुणी धावत्या फळीवर हातांवर उभी असलेली झळकली. एवढी कीर्ती, आणि त्याच वर्षी सारा डोलारा कोसळला! मातीच्या मिश्रणाची ती चाके रस्ता घट्ट धरत नसत, लहानसा खडाही त्यांना अडवी. मुले पडू लागली, डॉक्टरांनी इशारे दिले, अनेक शहरांनी बंदी घातली. सेव्हरसन यांचे नियतकालिक अवघ्या चार अंकांत बंद पडले. आज संग्राहक ज्या अंकांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात, ते हेच चार अंक.

पुढचा अध्याय सुरू झाला तो चाकापासून, म्हणून आम्हा रेल्वेवाल्यांना तो अधिक जवळचा वाटतो. १९७० साली फ्रँक नॅसवर्दी हा तरुण व्हर्जिनिया राज्यातील एका प्लास्टिकच्या कारखान्यात गेला होता. तेथे रोलर स्केटसाठी बनवलेली युरेथेनची चाके त्याने पाहिली आणि आपल्या फळीला लावून बघितली. हे चाक रस्ता धरून ठेवी, खड्यावरून सहज जाई आणि आवाजही कमी करी. 'कॅडिलॅक व्हील्स' या नावाने त्याने ती विकायला काढली आणि मेलेला खेळ उठून बसला. १९७५ मध्ये 'स्केटबोर्डर' मासिक पुन्हा निघाले. क्रेग स्टेसिक यांनी त्यात सांता मोनिका भागातील झेफर संघाच्या मुलांवर सचित्र लेख लिहिले. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि ही मुले त्यांच्या गोल भिंतींवर फळ्या चढवू लागली. ते दृश्य देशभरातील मुलांपर्यंत पोहोचले ते मासिकाच्या पानांतून.

परंतु दशक संपता संपता विम्याचा खर्च परवडेना, म्हणून खास बांधलेली मैदाने एकामागून एक बंद झाली. काहींवर तर बुलडोझर फिरला. 'स्केटबोर्डर'ने १९८० साली 'ॲक्शन नाऊ' असे नाव घेऊन इतर खेळांना जागा दिली, आणि लवकरच तेही थांबले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने खेळ दुसऱ्यांदा मेला होता.

आता खरी गंमत येथून पुढे आहे. मैदान नाही, मासिक नाही, दुकान नाही, अशा गावातल्या मुलाने करायचे काय? त्याने स्वतःच मासिक काढले! हातात होते ते टाइपरायटर, कात्री, डिंक आणि झेरॉक्सचे यंत्र. साध्या कागदावर प्रत काढणारे 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र १९५९ साली आले होते. १९८० पर्यंत अशी यंत्रे कचेऱ्यांत आणि गल्लीतल्या दुकानांत पोहोचली होती. मुलांनी फोटो कापून चिकटवले, बाजूला हाताने मजकूर लिहिला, पाने घडी घालून टाचली आणि ओळखीच्यांना टपालाने पाठवून दिली. हीच 'झाईन'. आपल्याकडे साहित्याच्या क्षेत्रात अशा प्रकाशनांना अनियतकालिके म्हणतात. १९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींचे 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघत असे, हे जाणकारांना आठवत असेल. गरज एकच, की मोठ्यांच्या छापखान्यात आपल्याला जागा नाही, तर आपण आपला छापखाना काढू.

ओहायो राज्यातील गॅरी स्कॉट डेव्हिस याने १९८१ मध्ये सुरू केलेले 'स्केट फेट' हे अशा झाईनमधले गाजलेले नाव. पुढे हाच तरुण 'ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग' या मोठ्या मासिकात कामाला लागला. म्हणजे घरच्या झेरॉक्सने त्याला नोकरीही मिळवून दिली! त्याच वर्षी, जानेवारी १९८१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथून 'थ्रॅशर' निघाले. तेही सुरुवातीला साध्या वृत्तपत्री कागदावर छापलेले. 'ट्रान्सवर्ल्ड' १९८३ चे. विशेष म्हणजे या दोन्ही मासिकांमागे स्केटबोर्डचे 'ट्रक' बनवणारे कारखानदार होते.

हा 'ट्रक' म्हणजे मालमोटार नव्हे बरे का! अमेरिकन रेल्वेत आपण ज्याला बोगी म्हणतो, तिला ट्रक म्हणतात, आणि स्केटबोर्डच्या फळीखालच्या एक्सलच्या जोडणीलाही तेच नाव आहे. कामही बरेचसे सारखेच. फळी एका बाजूला कलली की मधला लवचीक बुश दाबला जातो आणि एक्सल आपोआप वळतो. या रचनेचे मूळ जेम्स प्लिम्टन यांच्या १८६३ च्या रोलर स्केटमध्ये सापडते. जुने कॅटलॉग चाळताना या सुट्या भागांची चित्रे दिसली की आमच्या वर्कशॉपमधील ड्रॉइंगची आठवण होते.

कॅटलॉगची खरी किंमत येथेच आहे. त्या काळच्या पुष्कळ कॅटलॉगवर साल छापलेले नसते. मग संग्राहक काय करतो? तो चित्रे वाचतो. चाक मातीच्या मिश्रणाचे असेल तर कॅटलॉग बहुधा १९७३ पूर्वीचा. फळीचे मागचे टोक वर वळलेले असेल तर १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. सुट्या छऱ्यांऐवजी बंद बेअरिंग दिसले तर १९७० च्या दशकाच्या मध्याकडचा. फळी सहा-सात इंच रुंद आहे की दहा इंच, यावरूनही दशक कळते. पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर कागद १९६३ च्या जुलैपूर्वीचा असू शकत नाही, कारण अमेरिकेत ती पद्धत तेव्हा सुरू झाली. अशी ही पोलिसी तपासासारखी कामगिरी! नकली प्रतीही बाजारात येतात. तेव्हा भिंग घेऊन छपाईचे ठिपके बघावे लागतात. मूळ छापील चित्रात ठिपके एका ओळीत बसलेले दिसतात. प्रतीवरून प्रत काढली की ते फिसकटतात, काळे भाग अधिक काळे होतात. परंतु झाईनच्या बाबतीत ही कसोटी चालत नाही, कारण तिचे मूळच झेरॉक्स असते. तेथे कागद, टाचण्या आणि घडीच्या खुणा बघाव्या लागतात.

जपण्याचे शास्त्रही शिकावे लागते. वृत्तपत्री कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लोखंडी टाचण्या गंजून कागद खातात. स्वस्त पीव्हीसीच्या पिशवीला झेरॉक्सची शाई चिकटते, म्हणून आम्लविरहित कागदाचे फोल्डर किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या वापरतात. ऊन, ओल आणि कसर हे तीन शत्रू तर सर्व देशांत सारखेच!

कोणी म्हणेल, हा पैशांचा खेळ झाला. पैसा आहेच. जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलावगृहातर्फे 'सुप्रीम' कंपनीच्या २४८ फळ्यांचा एक संग्रह ८ लाख डॉलरना विकला गेला. पण त्यातल्या फळ्यांवर कोणी खेळले नव्हते, त्या शोभेसाठीच घेतल्या होत्या. घडीच्या ठिकाणी फाटलेल्या झाईनला अशी किंमत येत नाही, तरीही तिच्याकडे जे असते ते त्या २४८ फळ्यांकडे नाही. गावातल्या कोणत्या भिंतीवर कोण खेळत असे, कोणाला पोलिसांनी हाकलले, कोणाचा हात मोडला, हे सारे तीत असते.

याचे उत्तम उदाहरण मुलींचे आहे. १९७५ साली डेल मार येथील स्पर्धेत उतरलेल्या झेफर संघात पेगी ओकी ही एकमेव मुलगी होती. पुढे मोठ्या मासिकांतून मुली जवळजवळ दिसेनाशा झाल्या, त्यामुळे मुली हा खेळ खेळतच नव्हत्या असा समज रूढ झाला. कॅनडातील ग्रंथपाल नॅटली पोर्टर यांनी जुने अंक आणि झाईन धुंडाळून त्या खेळाडूंची नावे एकेक करून शोधली. 'गर्ल गँग्ज, झाईन्स अँड पॉवरस्लाइड्स' हे त्यांचे पुस्तक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या इतिहासाने वगळलेली माणसे रद्दीने सांभाळली होती! वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आज टोनी हॉक यांची पहिली फळी आणि सिंडी व्हाइटहेड यांचे साहित्य जतन केलेले आहे. ज्या खेळावर शहरांनी बंदी घातली, तो २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. उलट 'ट्रान्सवर्ल्ड'ची छापील आवृत्ती २०१९ मध्ये बंद झाली. खेळ मोठा झाला, कागद मात्र संपत चालला.

या सर्वाचा आपल्याशी काय संबंध? आहे, आणि तो आपल्या हातातच आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांचा इतिहास कोणी बखरीत लिहून ठेवलेला नाही. कोणत्या साली मूर्ती कोणी घडवली, नाटकात स्त्री-भूमिका कोणी केली, वर्गणी किती जमली, कोणत्या मिठाईवाल्याने जाहिरात दिली, हे सारे फक्त अशा स्मरणिकांत, हस्तपत्रिकांत आणि जमाखर्चाच्या पानांत आहे. नोकरीनिमित्त माणसे बदलून जातात, वडीलधारी माणसे निघून जातात, आणि घर आवरताना पहिला बळी या कागदांचा जातो.

म्हणून एवढीच विनंती. घरात जुन्या स्मरणिका असतील तर त्या कोरड्या जागी ठेवा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून दोरा घाला. फोटोंच्या मागे पेन्सिलीने साल आणि नावे लिहा. ओळखणारी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते. आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात जमा करा. कॅलिफोर्नियातील मुलांनी टाचलेल्या चोपड्या पन्नास वर्षांनी इतिहासाचा पुरावा ठरतील, असे तेव्हा कोणाला वाटले होते? रद्दीवाला दारात आला की गठ्ठा देण्यापूर्वी एकदा चाळून बघावा, हे बरे.