सिलिअॅक रोग व गरोदरपण (फलटण परिसर)

गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, त्या विकाराला सिलिअॅक रोग म्हणतात. अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट होतात. परिणामी खाल्लेले अंगी लागत नाही आणि लोह, फोलेट, कॅल्शियम, ब-१२ यांची कमतरता होते. हा रोग म्हणजे गव्हाची अॅलर्जी नव्हे, नुसते अपचनही नव्हे. त्यावर अद्याप औषध नाही. ग्लूटेन जन्मभर टाळणे हाच उपचार आहे. गव्हाचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचे सिलिअॅकचे बालरुग्ण सुधारले आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा खालावले. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

आढळ. हा रोग पंजाब-हरियाणाकडचा, अशी समजूत आहे आणि ती निम्मीच खरी आहे. भारतातील प्रादेशिक फरक मोजणारी एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत उत्तरेत शेकडा एकाच्या आसपास, तर दक्षिणेत हजारी एकाच्या आसपास प्रौढांत हा रोग आढळला. रोगाला वाट करून देणारी जनुके मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक ताटातल्या गव्हाचा होता : उत्तरेत दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. फलटण या दोहोंच्या मधे बसते. साताऱ्याच्या पूर्वेचा हा कमी पावसाचा तालुका मुळात ज्वारी-बाजरीचा. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, रेशनवर गहू मिळू लागला, आणि भाकरीच्या जोडीला चपाती रोजची झाली. तेव्हा ‘आपल्याकडे हा आजार नसतो’ असे कोणी ठामपणे म्हणू लागले, तर त्याचा आधार विचारावा.

निदान. गरोदरपणात हा रोग बहुधा जुलाबाच्या रूपाने समोर येत नाही, रक्तक्षयाच्या रूपाने येतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दिले जाते. गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर पहिला संशय तिच्यावरच घेतला जातो : ‘गोळ्या खात नसेल.’ हा आरोप पुष्कळदा अन्यायाचा असतो, कारण गोळी घेतली तरी आतडे लोह शोषत नाही. पूर्वीचे गर्भपात, गर्भाची खुंटलेली वाढ, आधीचे कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल, थायरॉइडचा विकार, बालपणापासूनचा मधुमेह किंवा घरात कोणाला सिलिअॅक असणे, यांपैकी काही जोडीला असेल तर टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी मागावी. सोबत एकूण आयजीएही पाहतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवी ठरते.

इथे ज्वारीच्या मुलखाची एक अडचण आहे. गहू खाण्यात असेल तरच ही तपासणी खरे सांगते. बहुतेक दिवस भाकरीवर असणाऱ्या, किंवा कोणाच्या सल्ल्याने आधीच गहू सोडलेल्या स्त्रीचा रोग तपासणीतून निसटू शकतो. म्हणून रक्त देण्याआधी गहू बंद करू नये. आधीच बंद असेल, तर केवळ तपासणीसाठी गरोदरपणात तो पुन्हा सुरू करत नाहीत. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहणेही शक्यतो बाळंतपणानंतर ठेवतात.

लक्षणे व त्यांची हाताळणी. पहिल्या तिमाहीतील मळमळ आणि ओकाऱ्या या गरोदरपणाच्या की ग्लूटेनच्या, हे एका दिवसात कळत नाही. काय खाल्ले आणि केव्हा त्रास झाला, हे आठवडाभर लिहून ठेवले की सांगता येते. चुकून गहू पोटात गेला तर काही तासांत ते दिवसाभरात पोट फुगते, मुरडा येतो, जुलाब किंवा उलट्या होतात. त्यावर उतारा नाही. क्षारसंजीवनीचे पाणी, तांदळाची पेज, मऊ भात आणि विश्रांती यांवर निभावते. जुलाब थांबवण्याची गोळी मनाने घेऊ नये. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, अंगावरून रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर थेट रुग्णालय गाठावे. आतडे सुजलेले असताना दूध पुष्कळदा पचत नाही, ताक आणि दही बहुधा चालते. लोहाच्या गोळ्यांनी होणाऱ्या बद्धकोष्ठावर ज्वारी-बाजरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि निव्वळ इसबगोल उपयोगी पडतात. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. गोळी लागूच पडत नसेल, तर पहिल्या तिमाहीनंतर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

आहार. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सर्व डाळी, शेंगदाणे, तीळ, भाज्या, दूध, अंडी, मासे आणि मटण यांत ग्लूटेन नाही. पिठले-भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक हे इथले साधे जेवण मुळातच या रोगाचे पथ्य आहे. पंजाबातल्या रुग्णाला जे शोधत फिरावे लागते ते फलटणला शिवारात पिकते. येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीचे ‘मधुरा’ वाण काढून तिच्या ताटांच्या रसाचा पाकही केला, तोही निर्धोक आहे.

घोटाळा होतो तो गिरणीत. गव्हाच्या दळणानंतर त्याच चक्कीवर ज्वारी टाकली की जात्यात अडकलेली कणीक तिच्यात उतरते. ‘दादा, ज्वारीवर ज्वारी दळा’ असे बायका भाकरी नीट थापता यावी म्हणून सांगतातच, पण सिलिअॅकसाठी तेवढ्याने भागत नाही. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नाला आपल्याकडची कायदेशीर मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, आणि चक्कीत राहिलेली चिमूटभर कणीक ती सहज ओलांडते. घरघंटी असेल तर ती फक्त या धान्यांसाठी राखावी. परात, चाळणी, पोळपाट-लाटणे आणि दुरडी वेगळी असावी. तव्यावर चपातीआधी भाकरी भाजावी. उपवासाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या घरात हे शिकवावे लागत नाही. उपवासाचे ताटही सिलिअॅकच्या स्त्रीला चालते, फक्त साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसल्याने राजगिरा आणि वरईकडे झुकावे.

लपलेला गहू पुष्कळ ठिकाणी असतो. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू पडतो. सातूचे पीठ, रवा, शेवया, लापशी, बिस्किटे, टोस्ट, तसेच गरोदर बाईला कौतुकाने दिली जाणारी माल्टची पेये, ही सर्व वर्ज्य आहेत. ओट्स मुळात गव्हाचे नसले, तरी भेसळीमुळे भरवशाचे नाहीत.

खपली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात पिकणाऱ्या खपली गव्हाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. तो मधुमेहाला चांगला, पचायला हलका, ‘त्यात ग्लूटेन नसते’ अशा शिफारशींसह चढ्या भावाने विकला जातो. यातले शेवटचे वाक्य खोटे आहे. खपली हा गहूच आहे आणि सिलिअॅकच्या स्त्रीला त्याची खीरही चालत नाही. बन्सी गव्हाचेही तसेच.

सण व शिधा. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला पुरणपोळी, सांजोरी आणि शंकरपाळे येतात, आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणाऱ्या सासूबाई, मावशी, जावा सगळीकडे असतात. एवढ्याशाने होते. आधीच सांगून तांदळाची खीर, नारळाच्या वड्या, तिळगूळ, दाण्याचे लाडू असे ताट करता येते. बेंदराला किंवा माउलींची पालखी फलटण मुक्कामी असते तेव्हा घरोघरी जे वाटले जाते, त्यात शिरा आणि पुऱ्या असतात. तिथे हात जोडावेत. रेशन किंवा अंगणवाडीतून मिळणाऱ्या शिध्यात गहू आला, तर आशाताईंना निदान सांगून ठेवावे आणि तो घरातल्या इतरांसाठी वापरावा. गरोदर स्त्रीच्या वाटचे पोषण त्याने भरून निघत नाही, हे मात्र हिशेबात धरावे.

बाळंतपण व पुढे. पथ्य काटेकोर असेल तर गर्भपात, कमी वजन, अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका बराच उतरतो. सिझेरियनचे कारण हा रोग नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत निदानाचा कागद दाखवावा, आणि प्रसूतीसाठी दाखल होताना रुग्णालयातल्या जेवणाचे आधी विचारून डबा घरून न्यावा. काहींचा त्रास बाळंतपणानंतर उसळतो, तेव्हा अळिवाचे व डिंकाचे लाडू कणीक न घालता वळावेत. अंगावर पाजण्यास कसलीही आडकाठी नाही. आईवडील, भावंडे, मुले यांना हा रोग होण्याची शक्यता शेकडा ५ ते १० असते. बाळाला गहू उशिरा दिल्याने तो टळत नाही. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर गहू थोडा थोडा सुरू करतात, आणि तो नियमित खाण्यात आल्यावर मुलाचीही टीटीजी तपासणी करून घेतात.