थिआनो: काम अनेकांचं, सांभाळायचं कोणी?

मागच्या व्याख्यानात आपण ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न घेतला होता. आज तोच प्रश्न अगदी अलीकडच्या इतिहासात पाहू.

थिआनो ही पायथागोरसच्या पंथातली विदुषी. काही जण तिला त्याची पत्नी मानतात. त्या पंथात शिष्यांचे शोधही गुरूच्या नावावर जमा होत, असं परंपरा सांगते. कॅनडात माँट्रियल विद्यापीठात, योशुआ बेंजिओ यांच्या प्रयोगशाळेत २००७ च्या सुमारास एक मुक्त सॉफ्टवेअर आकाराला आलं, त्याला हेच नाव मिळालं. आपण गणिती सूत्र लिहायचं. त्याचं विकलन करणं, ते ग्राफिक्स कार्डावर वेगानं चालवणं हे थिआनोचं काम. डीप लर्निंगचे कितीतरी अभ्यासक त्याच्यावरच शिकले.

आता हे लिहीत कोण होतं? विद्यार्थी, मोजके कर्मचारी आणि बाहेरचे हौशी लोक. मेख इथेच आहे. विद्यापीठात पदवी मिळते ती संशोधनावर. दुसऱ्याच्या कोडमधली चूक दुरुस्त करणं, नवख्याच्या शंकेला उत्तर देणं, याला तिथे फारसे गुण नाहीत. २०१६ साली या गटानं शंभराहून अधिक लेखकांचा एक निबंध काढला, नावं वर्णानुक्रमानं. श्रेय वाटण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पण वर्णानुक्रम सगळ्यांना एका पंगतीत बसवतो, तसं कोणी किती राबलं हेही झाकतो. वाटणी योग्यतेच्या प्रमाणात हवी हे सर्वांना मान्य असतं, योग्यता कशाला म्हणायची यावर भांडण होतं, हे ॲरिस्टॉटलनं केव्हाच सांगून ठेवलंय.

मग २०१५ मध्ये गूगलचं टेन्सरफ्लो आलं, पाठोपाठ फेसबुकचं पायटॉर्च. तिथे देखभाल ही पगारी नोकरी होती. सप्टेंबर २०१७ मध्ये बेंजिओंनी जाहीर केलं, की १.० आवृत्तीनंतर मोठं काम थांबेल. पंचाईत झाली ती थिआनोवर उभ्या असलेल्या पायएमसी या संख्याशास्त्रीय प्रकल्पाची. त्या मंडळींनी कोड दत्तक घेतला. त्यातून एसारा निघालं आणि २०२२ मध्ये त्यालाही फाटा फुटून पायटेन्सर वेगळं झालं.

म्हणजे थिआनोचा कोड जगला. त्याला जन्म देणारा गट मात्र पांगला. मुक्त परवान्यानं कोड जगवता आला, कारण 'कोणीही घ्या, बदला, वाटा' एवढं त्यात लिहिलेलं असतं. 'कोणी सांभाळायचं' हे त्यात नसतं. ते माणसांनीच आपसात ठरवावं लागतं, आणि शक्यतो काम सुरू करतानाच.