केसपेपरवरचे बीपी, पल्स, एसपीओटू म्हणजे नेमकं काय? जाणून घ्या पाच आकड्यांचा अर्थ

नांदगाव : समजा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दम लागतोय. बोटाला ऑक्सिमीटर लावलं, तर स्क्रीनवर दोन आकडे आले, ८८ आणि ९६. घरच्यांनी ९६ वाचलं आणि 'ऑक्सिजन चांगला आहे' म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. पण ९६ हे नाडीचे ठोके होते, ऑक्सिजन होता ८८. अशी चूक जिवावर बेतू शकते. घाटमाथ्यावरच्या बोलठाण, जातेगावकडून नांदगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मनमाडचं उपजिल्हा रुग्णालय गाठायला वेळ लागतो. म्हणून हे आकडे घरातल्या एकाला तरी वाचता यायला हवेत.

खाली दिलेले आकडे शांत बसलेल्या माणसाचे आहेत.

१) टी (टेम्परेचर) म्हणजे ताप
साधारण ९७ ते ९९ अंश फॅरेनहाइट नॉर्मल. १००.४ (३८ अंश सेल्सिअस) किंवा जास्त म्हणजे ताप. काखेत मोजलेला आकडा थोडा कमी येतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर घरी औषध देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. उन्हात काम करून आलेल्या माणसाचा ताप १०४ च्या पुढे गेला आणि तो बरळू लागला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

२) पी (पल्स) म्हणजे नाडी
मोठ्या माणसात मिनिटाला ६० ते १००. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके चुकत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. लहान बाळाची नाडी १०० च्या वर असणं नॉर्मल आहे.

३) आरआर (रेस्पिरेटरी रेट) म्हणजे श्वासाची गती
मोठ्यांमध्ये मिनिटाला १२ ते २०. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. लहान मुलांचा श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबू नका.

टी, पी आणि आरआर एकत्र लिहिलेल्या तक्त्याला दवाखान्यात 'टीपीआर चार्ट' म्हणतात.

४) बीपी म्हणजे रक्तदाब
१२०/८० मध्ये वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. वारंवार १४०/९० किंवा जास्त आलं तर बीपी वाढलेलं आहे. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं असं काही असेल तर तातडीने रुग्णालयात न्या. गरोदर बाईचं बीपी १४०/९० आलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर त्याच दिवशी दाखवा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको.

५) एसपीओटू म्हणजे रक्तातला ऑक्सिजन
२०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईंनी घरोघरी जाऊन ताप आणि हाच आकडा तपासला होता. ९५ ते १०० नॉर्मल. ९४ च्या खाली डॉक्टरांना विचारा, ९० च्या खाली तातडी. जुन्या दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी वेगळी पातळी सांगितली असेल तर ती पाळा. स्क्रीनवर '%' किंवा 'एसपीओटू' लिहिलेला आकडा ऑक्सिजनचा, 'पीआर' किंवा हृदयाचं चिन्ह असलेला नाडीचा. नेलपॉलिश, मेंदी किंवा गार पडलेलं बोट असेल तर आकडा चुकू शकतो. बोट चोळून गरम करा, दुसऱ्या बोटाला लावून पाहा.

१०८ ला फोन करताना काय सांगाल?
रुग्णाचं वय, काय होतंय, कधीपासून होतंय, मोजलेले आकडे आणि मोजल्याची वेळ. गावाबरोबर वस्तीचं नाव आणि जवळची ओळखीची खूण सांगा. आकडे कागदावर लिहून जुन्या केसपेपरसोबत ठेवा.

मशीन घरात नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. मात्र रुग्ण बेशुद्ध असेल, छातीत जोरात दुखत असेल किंवा झटके येत असतील तर मोजमाप करत बसू नका. आधी फोन लावा.